टक्के कळले, गरज कळली का?

साहित्याच्या अंकात मुलांच्या तपासणीवर टीका कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, चाचणी हीसुद्धा एक संहिताच आहे. तिला भाषा असते आणि तिने गृहीत धरलेला एक वाचकही असतो. आपल्या द्वैभाषिक मुलखातले मूल बहुधा तो वाचक नसते. उज्जैनच्या एका हायस्कुलात मुख्याध्यापकी करताना दिव्यांग मुलांचे असे अहवाल माझ्या टेबलावर नेहमी येतात; त्यांचीच ही समीक्षा.

मूळ हेतू चांगला होता. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन श्रेणी रचली, ती कोणत्या मुलाला शाळेत वेगळी मदत लागेल हे कळावे म्हणून. कुणाच्या कपाळी शिक्का मारावा म्हणून नव्हे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली; त्यांचे हे काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९६९ मध्ये नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्स्लरची श्रेणी भारतीय मुलांसाठी तयार केली. दोन्ही कामे दोन भाषा नांदणाऱ्या गावांतली आहेत. मूल कोणत्या भाषेत विचार करते, हा प्रश्न अशा गावांत टाळता येत नाही.

आज मात्र तोच प्रश्न टाळला जातो. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनमध्ये मराठी घरे आहेत. घरी मराठी, शाळेत हिंदी. आमचा मुलगा हिंदी श्रुतलेखनात 'पानी'ऐवजी 'पाणी' लिहितो, 'कवि'चा 'कवी' करतो. मराठीत नपुंसकलिंगी असलेले 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी होते, तिथेही तो अडखळतो. तपासणारा या सगळ्या चुका मोजतो. बेळगाव-निपाणीकडे निदान लिपी बदलते, त्यामुळे भाषेची अडचण डोळ्यांना दिसते. आमच्याकडे दोन्ही भाषांची लिपी देवनागरी. म्हणून ती अडचण झाकली जाते आणि दोष मुलाच्या बुद्धीवर जातो.

याच्या उलटही घडते आणि ते अधिक घातक आहे. ज्या मुलाला खरोखर वाचनाची अक्षमता आहे, त्याच्याविषयी "घरी मराठी बोलतात ना, म्हणून कच्चा" असे म्हणून विषय संपवला जातो. मूल एकाच भाषेत चुकते की दोन्हींत, हे पाहिल्यावाचून या दोन मुलांत फरक करता येत नाही. साधने नाहीत म्हणावे, तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' ही चाचणीमाला हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत दिली आहे.

निकाल आणि निदान यांत अंतर असते. गजानन माधव मुक्तिबोध १९३० साली याच उज्जैनमध्ये मिडलच्या परीक्षेत नापास झाले. मराठी घरातला हा मुलगा पुढे हिंदीचा थोर कवी झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले. मुक्तिबोधांना काही अक्षमता होती, असे मला मुळीच सुचवायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे की, मूल कुठे अडले ते निकाल सांगतो. का अडले ते सांगत नाही.

आता प्रमाणपत्राकडे वळू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. अनेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे. टक्के लागतात, हे मला मान्य आहे. त्यांच्यावाचून शिष्यवृत्ती मिळत नाही. पण दोन कर्णबधिर मुलांचे टक्के सारखे असले, तरी एकाला श्रवणयंत्र आणि पुढचा बाक पुरतो, तर दुसऱ्याला खुणांची भाषा जाणणारे शिक्षक हवे असतात. कागदावर दोघे सारखेच! त्याच कायद्याचे सतरावे कलम सांगते की, दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करून दिव्यांग मुले ओळखावीत, त्यांच्या विशेष गरजा ठरवाव्यात आणि त्या कितपत भागतात ते पाहावे. यांतले पहिले काम आपण करतो. नाव लागले, रकाना भरला की हात झटकतो. उरलेली दोन कामे कुणाची?

डॉक्टरांची संख्या अपुरी आहे, शिक्षकांवर कामांचा भार आहे, हे मी रोज पाहतो. तरीही गरज लिहून काढायला यंत्र लागत नाही. मुलाला रोज पाहणारी आई आणि वर्गशिक्षक तासभर शेजारी बसले, तरी पुष्कळ कळते. अहवालात मात्र आईच्या म्हणण्याला बहुधा एक ओळही नसते.

म्हणून वाचक पालकांना माझे सांगणे आहे की, अहवाल हाती आला की टक्के पाहून परत फिरू नका. तीन प्रश्न विचारा: माझ्या मुलाला कोणत्या भाषेत तपासले? त्याला काय येते, ते कुठे लिहिले आहे? उद्यापासून वर्गात नेमके काय बदलायचे? उत्तरे तोंडी नकोत, लेखी मागा. वर्षाने तोच कागद पुढे ठेवून त्यातले काय झाले, तेही विचारा. आणि हे तीन प्रश्न ज्याला सुटत नाहीत, तो अहवाल अपुरा आहे असे स्पष्ट म्हणा; मुलाला अपुरे म्हणू नका.