जिनिंग कुठल्या रकान्यात? रॉड्रिक वाचताना परभणी

‘मराठवाड्यातील निरौद्योगिकीकरण’ असं शीर्षक घेऊन संशोधन आराखडा लिहायला बसला असाल, तर आधाराला दानी रॉड्रिक यांचा २०१६चा अकाली निरौद्योगिकीकरणावरचा लेख असणारच. लेख वाचाच. पण परभणीला तो जसाच्या तसा लावू नका.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रिटनसारखे देश आधी कारखान्यांवर श्रीमंत झाले, मग तिथला कारखानदारीचा वाटा घसरला. आजचे विकसनशील देश मात्र उत्पन्न कमी असतानाच उतरणीला लागतात. ४२ देशांची आकडेवारी आहे, मांडणी स्वच्छ आहे. आशियाला हा फटका तुलनेनं कमी बसला, हेही ते सांगतात (लेखाचा दाखला देताना हे वाक्य सोयीनं गळतं!).

माझा आक्षेप एककावर आहे. लेखाचं एकक देश. आता महाराष्ट्र बघा. मुंबईत १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. तिथं हा शब्द चपखल बसतो. पण परभणीत? उतरायला आधी चढावं लागतं. सेलू-मानवतला कापसाचा बाजार आहे, जिनिंग-प्रेसिंग आहे. मुंबईसारखी गिरण्यांची रांग इथं कधी नव्हतीच. देशाच्या सरासरीत या दोन्ही गोष्टी एकच होऊन जातात.

दुसरी अडचण जास्त किचकट, आणि आराखडे इथेच फसतात. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८मध्ये वस्तुनिर्माण म्हणजे विभाग १० ते ३३. सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा संकेतांक मात्र ०१६३२, म्हणजे शेतीच्या विभागात! वार्षिक उद्योग पाहणीत नोंदणीकृत जिनिंग सापडतं, पण तुम्ही १० ते ३३ असा फिल्टर लावलात की ते गायब. मग ‘परभणीत उद्योग नाही’ हा तुमचा निष्कर्ष परभणीबद्दल किती आणि फिल्टरबद्दल किती?

मला त्यापेक्षा केंब्रिजचे अजित सिंग यांचा १९७७चा ब्रिटनवरचा लेख जास्त उपयोगी वाटतो. ते नुसता वाटा मोजत नाहीत. देशाला लागणाऱ्या आयातीचा खर्च भागवून, रोजगार आणि उत्पन्न समाजाला मान्य होईल अशा पातळीवर ठेवण्याची ताकद कारखानदारीत आहे का, असं विचारतात. जिल्ह्याला स्वतःचा विनिमय दर नसतो, त्यामुळे हाही निकष ओढूनताणून बसवायला नको. पण प्रश्नाची दिशा बरोबर आहे.

धोरणाचंही तसंच. ब्रिटन सरकारनं १९७५मध्ये ब्रिटिश लेलँड ताब्यात घेतली, ती उभा असलेला उद्योग वाचवायला. आपली सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४पासूनची, हेतू उलटा: नसलेला उद्योग मागास भागात आणणं. त्यातल्या बऱ्याचशा सवलती स्थिर भांडवलाच्या प्रमाणात मिळतात. म्हणजे यंत्रं महाग, तर लाभ मोठा. वर्षातले काही महिने चालणाऱ्या, हमालांच्या जोरावर उभ्या जिनिंगला त्यात काय? युरोपातल्या बचाव-धोरणांशी या योजनेची तुलना करणारा आराखडा म्हणूनच मला पोकळ वाटतो.

शीर्षक बदला. १७० किलोची एक गाठ मानवतहून निघाली की सूत कुठं होतं, कापड कुठं होतं, आणि त्यातला किती पैसा जिल्ह्यात राहतो, तिथून सुरुवात करा.