दांडीचा ‘ल’ आणि सीचा इंटरफेस

भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या एखाद्या मराठी घरात संगणकावर निमंत्रणपत्रिका जुळवायला घ्यावी, तर ‘ल’ दांडीचा उमटू शकतो. आपला पाकळ्यांचा ‘ल’ येतच नाही. खापर फाँटावर फुटते. पण मराठीची सोय असलेल्या फाँटात दोन्ही वळणे असतात. त्यांतले कोणते घ्यायचे, हे मजकुराची भाषा कळल्यावर ठरते. ती कळवायची जागा म्हणजे लायब्ररीचा इंटरफेस.

फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरांची जुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते. ती आतून सी++ मध्ये लिहिलेली आहे, पण बाहेर दाखवते ती सीची फंक्शन्स. पायथन असो वा रस्ट, सीशी बोलणे साऱ्यांना जमते. सी जुनी झाली असेल. तिचे हेडर, म्हणजे इंटरफेस मांडणारी फाइल, लिहिण्याची कला अजून रोजच्या कामाची आहे.

या कलेचा पहिला धडा आतली रचना झाकण्याचा, आणि तो ठेचा खाऊनच शिकला गेला. 1995 मध्ये आलेल्या झीलिब या लायब्ररीने आपले मुख्य स्ट्रक्चर हेडरमध्ये उघडे ठेवले. त्याचा आकार वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये कायमचा बसतो, म्हणून सुरुवातीच्या कॉललाच आवृत्ती आणि आकार ताडून पाहावे लागतात. ओपनएसएसएलने 2016 मध्ये, 1.1.0 आवृत्तीत, बहुतेक स्ट्रक्चर्स झाकली. त्यांच्या आत थेट हात घालणारे प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले. एसक्यूलाइट मात्र नुसता पॉइंटर हाती देते. ती 2050 पर्यंत सांभाळण्याचा तिच्या कर्त्यांचा इरादा आहे. आतले बदलायची मोकळीक राखल्यामुळे तो पेलण्याजोगा वाटतो.

दुसरा धडा यंत्रायंत्रांतल्या फरकाचा. 64 बिटी लिनक्सवर ‘लाँग’ 64 बिटांचा, विंडोजवर 32 चा. सी99 ने ठरीव रुंदीचे प्रकार दिले, तेव्हापासून हेडरमध्ये ‘लाँग’ लिहायला सबब उरली नाही. मेमरीचेही तसेच: ज्या लायब्ररीने घेतली, तिच्याच फंक्शनने सोडावी. हे दोन्ही नियम आज बहुतेकांना पाठ आहेत.

तिसरा धडा मात्र अजून कच्चा आहे: भोवतालचे काही गृहीत धरू नये. मजकूर तोडणारे सीचे जुने फंक्शन ‘स्ट्रटोक’ आपली जागा गुपचूप आतच लक्षात ठेवते. लोकॅल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, बदलले की मजकुरातून संख्या वाचणारे ‘स्ट्रटोड’ दशांशचिन्ह म्हणून कधी स्वल्पविराम मागू लागते. हार्फबझमध्ये भाषा सांगण्याचे स्वतंत्र फंक्शन आहे. पण शेजारीच अंदाज बांधणारे सोयीचे फंक्शनही आहे, आणि ते भाषा प्रोग्रॅमच्या लोकॅलवरून उचलते. हिंदी किंवा इंग्रजी लोकॅलच्या संगणकावर मराठीचा ‘ल’ हरवू शकतो तो या सोयीपायी.

भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. पोलाद सुधारले, रुळांची लांबी वाढली. ब्रॉडगेजचे 1,676 मिलिमीटर तेच राहिले. हा रुळांचा इंटरफेस. ते अंतर लिहून ठरलेले असते, डब्याची चाके कोणी अंदाजाने बसवत नाही. सीच्या लायब्रऱ्या झाकायला शिकल्या, स्पष्ट बोलायला पुरत्या शिकलेल्या नाहीत. हेडर लिहिणाऱ्याने अंदाजाची फंक्शन्स देऊच नयेत. आणि वापरणाऱ्याने भाषा स्वतः सांगावी. मराठीसाठी त्याला एकच ओळ पुरते.