वार्ता, इशारा आणि प्रतिप्रश्न : दोन अहवालांची चिकित्सा

गुप्तवार्तेचा विचार करताना लक्ष सहसा हेराकडे जाते. आलेली वार्ता वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या विश्लेषकाकडे ते क्वचितच वळते. वस्तुतः वार्ता मिळविणे हे एक काम आणि तिचा अर्थ लावणे हे दुसरे. पहिले काम एकट्याला साधू शकते. दुसरे सहसा साधत नाही. कारण अर्थ अनेक वार्तांच्या परस्परसंबंधातून उलगडतो आणि या वार्ता निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांत विखुरलेल्या असतात. या दप्तरांमधील संवादाचा प्रश्न महाराष्ट्राच्या किनाऱ्याने दोनदा तीव्रतेने उपस्थित केला. त्यांतून निर्माण झालेले वोहरा समितीचा व प्रधान समितीचा असे दोन अहवाल येथे विचारासाठी घेतले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे हे गाव शेवटी कसोटी म्हणून पुढे ठेवले आहे. कारण व्यवस्थेची रचना राजधानीत ठरली, तरी तिची परीक्षा अशाच ठिकाणी होत असते.

१९९३ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली आणि १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. या प्रकरणात सीमाशुल्क व पोलीस या दोन्ही खात्यांतील काही जण पुढे न्यायालयात दोषी ठरले. अर्थात तेथील उणीव निव्वळ संवादाची नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि एका खात्याचा पहारा विकला गेला असता दुसऱ्या खात्याच्या नजरेचे महत्त्व अधिकच वाढते, हेही तितकेच खरे.

त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्रीय गृहसचिव न. ना. वोहरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गुन्हेगारी टोळ्यांचे राजकीय पुढारी व शासकीय अधिकारी यांच्याशी असलेले लागेबांधे हा तिचा विषय होता. महसूल सचिव आणि इंटेलिजन्स ब्यूरो, सीबीआय व रॉ यांचे प्रमुख तिचे सदस्य होते. अहवाल ऑगस्ट १९९५ मध्ये संसदेपुढे आला. त्याची ख्याती त्यातील राजकीय भागामुळे झाली. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत बोलका भाग प्रारंभीचा आहे. काही सदस्य बैठकीत मोकळेपणाने मत मांडण्यास कचरतात, असे अध्यक्षांना जाणवले. म्हणून त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र वैयक्तिक पत्र लिहून त्याचे म्हणणे मागविले. यंत्रणांची माहिती एकत्र आणण्याचा विचार करावयास बसलेले यंत्रणाप्रमुख एकमेकांसमक्ष बोलावयास तयार नव्हते! अहवालाने गृहमंत्रालयाच्या अधिपत्याखाली एक मध्यवर्ती कक्ष सुचविला. परंतु ज्या संकोचाची नोंद त्याने स्वतःच केली, त्याची मीमांसा त्याने केली नाही. तो संकोच कक्षाच्या दाराबाहेर का थांबेल, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

दुसरा अहवाल २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरचा. दहा हल्लेखोर ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून समुद्रमार्गे मुंबईस आले. राज्य शासनाने डिसेंबर २००८ मध्ये माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि रॉ मध्ये सेवा केलेले व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्य समिती नेमली. तिने एप्रिल २००९ मध्ये अहवाल सादर केला. हल्ल्यापूर्वी आलेल्या इशाऱ्यांची समितीने वर्गवारी केली. सहा इशारे सागरी मार्गासंबंधी होते, अकरा एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांसंबंधी आणि तीन आत्मघातकी हल्ल्यांसंबंधी. राज्य पातळीवर या इशाऱ्यांची हाताळणी गोंधळाची होती, असा निष्कर्ष तिने काढला.

निष्कर्ष योग्यच आहे. परंतु या वर्गवारीचे महत्त्व त्याहून मोठे आहे. समुद्रमार्ग, अनेक लक्ष्ये, आत्मघातकी हल्लेखोर हे तीन वर्ग शेजारी शेजारी मांडताच २६ नोव्हेंबरचे चित्र उभे राहते. समितीने घटनेनंतर केलेली ही मांडणी हेच ते विश्लेषण, जे घटनेपूर्वी व्हावयास हवे होते. घटना ठाऊक असलेल्याला ही जुळणी सोपी वाटते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही प्रश्न उरतोच : हे सर्व इशारे एकत्र वाचणे आणि धाडणाऱ्याला उलट विचारणे ही नेमकी कोणाची जबाबदारी होती? समितीला याचा पूर्ण शोध घेता आला नाही, कारण तिची कक्षा राज्याच्या पोलीस यंत्रणेपुरती होती. संदेश कोठे पोहोचला हे ती पाहू शकली. तो कोणत्या आधारावर निघाला हे तपासणे तिच्या अधिकाराबाहेर होते. संवादाच्या दोषांचा शोध असा एकाच टोकाशी थांबला.

दोन अहवालांच्या दरम्यान यंत्रणा वाढल्या नाहीत असे नाही. कारगिलनंतर, के. सुब्रह्मण्यम समितीच्या अहवालावरून झालेल्या विचारविनिमयातून, २००१ मध्ये मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झाले. मुंबईवरील हल्ल्यानंतर ते बळकट करण्यात आले, राज्यांतील उपकेंद्रे त्याला जोडली गेली आणि माहिती देणे बंधनकारक ठरले. ही प्रगती मोलाची आहे. परंतु देण्याचे बंधन आणि विचारण्याची सवय या दोन भिन्न गोष्टी होत.

आता लोट्याकडे वळावे. खेड तालुक्यातील हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, परशुराम घाटाच्या अलीकडे आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. दक्षिणेस वाशिष्ठी वाहते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रास मिळते; खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा वीजप्रकल्प आहे. अशी कल्पना करावी की, किनाऱ्याजवळील महत्त्वाच्या आस्थापनांना धोका असल्याचा इशारा आला. तो जिल्ह्याला, तेथून ठाण्याला आणि तेथून कारखान्याच्या पहारेकऱ्याला कळविला जाईल. प्रत्येक टप्प्यावर त्यावर ‘माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडेल. योग्य कार्यवाही कोणती, हे मात्र कोणालाच उमगणार नाही. कारण इशारा कशावरून निघाला आणि त्याची खात्री किती, हे त्यात नसेल. त्याच आठवड्यात दाभोळच्या एखाद्या कोळ्याला अनोळखी होडी दिसली, तर ती गोष्ट सागरी पोलीस, सीमाशुल्क वा मत्स्यव्यवसाय खात्याकडे जाईल. एखाद्या रसायनाची अनाकलनीय खरेदी चौथ्याच दप्तरात नोंदली जाईल. प्रत्येक नोंद आपापल्या शिडीने वर चढेल. ज्यांनी परस्परांशी बोलावयास हवे ते मात्र एकाच जिल्ह्यात राहूनही एकमेकांना अपरिचित राहतील.

गोपनीयतेचे काय, असा प्रश्न येथे संभवतो. खबऱ्याचे नाव जपलेच पाहिजे, कारण त्याच्या जिवाचा तो प्रश्न असतो. परंतु नाव लपविणे आणि आधार लपविणे यांत भेद आहे. वार्ता प्रत्यक्ष पाहिलेली की ऐकीव, एका ठिकाणाहून आलेली की दोन, तिच्यात निश्चित किती आणि तर्क किती, हे बहुधा नाव उघड न करताही सांगता येते. प्रत्येक इशाऱ्यासोबत एवढे असावे. प्रतिप्रश्न कोणाला करावयाचा हे त्यावर लिहिलेले असावे. उत्तर देणे बंधनकारक असावे. आणि दोन विश्लेषकांचा मतभेद झाल्यास तो पुसून न टाकता वर जावा. यास नवे खाते लागत नाही. दुसऱ्या खात्यातील माणूसही त्याच प्रश्नाचा अभ्यासक आहे, एवढी मान्यता लागते.

वोहरा अहवालातील सदस्य समक्ष बोलले नाहीत. प्रधान समितीला दुसरे टोक ऐकता आले नाही. दोन्ही अहवाल ज्या व्याधीचे निदान करावयास निघाले, तिची लक्षणे त्यांच्या स्वतःच्या रचनेतच आढळतात. पुढील कोणत्याही सुधारणेची परीक्षा केंद्रांच्या संख्येवरून करू नये. लोट्यास पोहोचलेल्या इशाऱ्याविषयी तेथील अधिकाऱ्याने ‘हे कशावरून?’ असे विचारले असता त्याला उत्तर मिळते की नाही, यावरून ती करावी.