वरून पाहिलेले लेकवुड

विमानातून पाहणाऱ्याला घर दिसते, घरातला माणूस दिसत नाही. हवाई छायाचित्रणाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचे मूळ येथे आहे. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम गार्नेट (१९१६–२००६) यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते.

गार्नेट यांचा जन्म शिकागोचा, पण त्यांची जडणघडण झाली कॅलिफोर्नियात. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात छायाचित्रणाचे काम करीत होते. युद्ध संपल्यावर लष्करी विमानाने घरी परतत असता त्यांना वरून आपला देश दिसला आणि त्या दर्शनाने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. ते विमान चालवायला शिकले. पुढे अनेक वर्षे त्यांनी सेस्ना जातीचे एक लहान विमान वापरले. त्याचे पंख बैठकीच्या वर असल्यामुळे खालच्या जमिनीवर नजर मोकळी पडे. विमान तेच हाकीत आणि कॅमेराही तेच चालवीत. १९५३, १९५६ आणि १९७५ अशी तीनदा त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती लाभली.

त्यांची सर्वांत गाजलेली चित्रमालिका मात्र व्यावसायिक कामातून जन्मली. १९५० साली लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस, सुमारे साडेतीन हजार एकर शेतजमिनीवर लेकवुड नावाची वसाहत उभी राहत होती. अवघ्या तीन वर्षांत तेथे साडेसतरा हजार घरे बांधली गेली. कामाची प्रगती नोंदवण्यासाठी बांधकाम करणाऱ्यांनी गार्नेट यांना पाचारण केले. जमिनीची सपाटी, पायाचे चर, काँक्रीटचे चौथरे, लाकडी सांगाडे, गिलावा आणि छपरे, शेवटी तयार घरे, असे एकेक टप्पे त्यांनी टिपले. सूर्य कलता असताना घेतलेल्या या चित्रांत प्रत्येक सांगाड्याला स्वतःची सावली आहे. त्या सावल्यांच्या आवर्तनातून पृष्ठभागावर एखाद्या विणकामासारखी नक्षी उमटते.

ही नक्षी पूर्णतः आकाशात तयार होत नाही, याची जाणीव रसिकाने ठेवावी. उंचावरून घेतलेल्या चित्रात हवेतील धूसरपणा हा मोठा अडसर असतो. त्यामुळे काळे राखाडी होते आणि पांढरे मळकट. भिंगावर पिवळा किंवा तांबडा फिल्टर लावून तो काही अंशी कमी करता येतो. उरलेले काम डार्करूमचे. तेथे मंद दिव्याच्या उजेडात निगेटिव्हमधून प्रकाश कागदावर पाडायचा, एखादा भाग उजळ हवा असेल तर त्यावर क्षणभर हात आडवा धरायचा, दुसरा गडद हवा असेल तर त्याला अधिक वेळ प्रकाश द्यायचा, मग कागद डेव्हलपरमध्ये बुडवून प्रतिमा हळूहळू वर येताना पाहायची आणि हायपोत ती स्थिर करून पुष्कळ पाण्याने धुवायची. सावली किती काळी ठेवावी हा येथे नुसता तंत्राचा प्रश्न राहत नाही. सावली जितकी दाट, तितकी नक्षी ठसठशीत आणि तितके घर घरपणापासून दूर जाते. मुद्रणातही अर्थनिर्णय असतो, तो असा.

या चित्रांच्या वाट्याला पुढे विलक्षण दैव आले. वसाहत उभारणाऱ्यांना त्यांत पराक्रम दिसला होता. निसर्गरक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांना गार्नेट यांच्या हवाई चित्रांत जमिनीच्या विध्वंसाचा पुरावा दिसला. १९६० साली सिएरा क्लबने काढलेल्या ‘धिस इज द अमेरिकन अर्थ’ या ग्रंथात त्यांची चित्रे आली. लेकवुडची चित्रे तर उपनगरी जीवनाच्या एकसुरीपणाचे, आत्महीनतेचे प्रतीकच बनली.

या निवाड्याला उत्तर मिळाले ते खुद्द लेकवुडमधून. तेथेच वाढलेले, आईवडिलांच्या घरातच राहणारे आणि नगरपालिकेत नोकरी करणारे डी. जे. वाल्डी यांनी १९९६ साली ‘होली लँड’ हे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. लहान लहान, क्रमांक घातलेल्या प्रकरणांत ते रस्ते, शेजारी, मृत्यू आणि आपली कॅथलिक श्रद्धा यांविषयी बोलतात. गार्नेट यांच्या चित्रांचे सौंदर्य ते नाकारीत नाहीत, त्यातील भीषणताही नाकारीत नाहीत. परंतु त्या चौकोनांत पुढे जे जगले गेले, ते वाचकासमोर येते ते या पुस्तकातून.

मला येथे टीकाकारांची एक चूक स्पष्ट दिसते. पायाचे चर आणि उघडे सांगाडे यांची चित्रे घेतली गेली तेव्हा त्या घरांत कुणी राहावयास आलेलेच नव्हते. चित्रातील रितेपण त्या तारखेचे होते. टीकाकारांनी ते रहिवाशांच्या माथी मारले. गार्नेट यांनी खोटे काही दाखवले नाही. त्यांनी एका क्षणाची नोंद केली आणि ती इतकी सुंदर झाली, की पाहणाऱ्यांना तोच क्षण वसाहतीचे संपूर्ण चरित्र वाटू लागला. ही त्यांच्या कलेची थोरवी आहे आणि तिचा धोकाही.

म्हणून गार्नेट यांचा वारसा जपायचा तर चित्रे जतन करून भागणार नाही. त्यांच्याशेजारी वाल्डी यांच्यासारख्यांची साक्षही ठेवावी लागेल. एकाच निगेटिव्हवरून उजळ प्रत काढता येते, गडदही काढता येते. पण जो माणूस तेव्हा तेथे आलेलाच नव्हता, त्याचा चेहरा कोणत्याही डार्करूममधून उमटणार नाही.