पशूची मरणोत्तर गती : अजिंठ्याची हत्तीण आणि पैठणचा रेडा

पुनर्जन्म मानणाऱ्या भारतीय परंपरांत पशूला मरणोत्तर अवस्था आहे की नाही, हा प्रश्न फारसा वादाचा ठरत नाही. जीव एका योनीतून दुसऱ्या योनीत जातो हे एकदा मान्य केले, की पशूचा पुढचा जन्म ओघानेच येतो. खरा वाद त्यापुढे सुरू होतो. पशू ती गती आपल्या आचरणाने मिळवितो, की मागील मानवी जन्माचे फळ केवळ भोगून संपवितो? मनुष्ययोनी ही कर्मयोनी आणि पशुयोनी ही भोगयोनी, असे शास्त्रमताचे सामान्य उत्तर आहे. कथा आणि चित्रे हे उत्तर कितपत पाळतात, हे पाहण्यास छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल. कारण अजिंठा आणि पैठण ही दोन्ही स्थळे याच जिल्ह्यात आहेत.

पैठणच्या रेड्याशी तुलना करावयाची, तर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील महिषजातक प्रथम आठवते. खोडकर माकडाचा छळ निमूटपणे सोसणारा तो महिष सहनशीलतेचा आदर्श आहे, यात शंका नाही. परंतु तो बोधिसत्त्व आहे. त्याची गती आधीच ठरलेली असून पशुदेह हा तिच्या वाटेवरील एक टप्पा आहे. म्हणून सामान्य पशूविषयीच्या प्रश्नाला या कथेत उत्तर मिळत नाही.

ते उत्तर छद्दंतजातकात आहे. ही कथा सतराव्या लेण्यात आहे, आणि त्याहून कितीतरी प्राचीन अशा दहाव्या लेण्यातही आहे. गजराज छद्दंत हा बोधिसत्त्व खरा. पण कथेला गती देते ती त्याची दुसरी पत्नी चुल्लसुभद्दा. बहरलेला शालवृक्ष गजराजाने हलविला, तेव्हा सवतीच्या अंगावर फुले पडली आणि हिच्या अंगावर वाळक्या काटक्या व तांबड्या मुंग्या. एवढ्या निमित्ताने तिने मनात वैर धरले, प्रत्येकबुद्धांना रानफळे अर्पण करून पुढील जन्माची इच्छा केली आणि झुरून देह ठेवला. पुढे ती राजकन्या म्हणून जन्मली, वाराणसीची राणी झाली आणि तिने छद्दंताचे सुळे आणण्यासाठी व्याध पाठविला. गजराजाने ते सुळे स्वतःच कापून दिले. ते समोर येताच राणी शोकाने कोसळली. दहाव्या लेण्यातील चित्रकाराने हा प्रसंग मोठ्या सामर्थ्याने रंगविला आहे.

येथे भोगयोनीचा सिद्धांत टिकत नाही. मत्सर, दान आणि संकल्प ही तिन्ही कर्मे हत्तिणीने हत्तीण असतानाच केली आहेत आणि त्यांचे फळ तिला मानवी जन्मात मिळाले आहे. या कथेने पशूला सद्गतीबरोबरच स्वतःचा अपराधही दिला आहे.

पैठणची कथा वेगळ्या भूमीवर उभी आहे. महिपतींच्या भक्तविजयाने (इ. स. १७६२) ती मराठी घराघरांत पोहोचविली. तिचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात रेड्याच्या पाठीवर आसूड पडतो आणि वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटतात. दुसऱ्या भागात रेडा वेद बोलतो. अभ्यासकांचे लक्ष बहुधा दुसऱ्या भागाकडे जाते, कारण त्यात चमत्कार आहे आणि शास्त्र्यांचा गर्वपरिहारही आहे. वस्तुतः युक्तिवाद पहिल्या भागात आहे. एकाची वेदना दुसऱ्याच्या देहावर उमटते, म्हणून दोघांतील आत्मा एक. दुसऱ्या भागात रेड्याचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नाही. मस्तकावर हात ठेवला गेला आणि वाणी प्रकटली. अद्वैताची साक्ष देऊन झाल्यावर त्या साक्षीदाराचे पुढे काय झाले, याची अद्वैताला चिंता नाही.

ही चिंता लोकमानसाने वाहिली. त्या रेड्याने जुन्नर तालुक्यातील आळे येथे देह ठेवला आणि तेथे त्याला समाधी देण्यात आली, अशी श्रद्धा आहे. मराठीत जनावर ‘मरते’. ‘समाधी’ हा शब्द योग्यासाठी आणि संतासाठी राखलेला आहे. तो शब्द रेड्याला लावताना श्रद्धावंतांनी शास्त्रमताशी वाद घातला नाही, ते केवळ ओलांडले. तेराव्या शतकातील घटनेचा पुरावा म्हणून त्या स्थळाचा उपयोग नाही, हा आक्षेप योग्यच आहे. मात्र कथा ऐकणाऱ्यांना तिच्यात काय अपुरे वाटले, याचा पुरावा म्हणून ते मोलाचे आहे.

ज्ञानेश्वरीत (इ. स. १२९०) या श्रद्धेला एक आधार सापडतो. नवव्या अध्यायात गजेंद्राचा दाखला येतो : संकटात त्याने देवाला स्मरले आणि त्याचे पशुत्व व्यर्थ ठरले. भागवतात हाच गजेंद्र पूर्वजन्मीचा राजा इंद्रद्युम्न आहे. म्हणजे मोक्ष हत्तीला मिळाला, तरी पुण्याई राजाची. ज्ञानदेवांच्या त्या ओवीत इंद्रद्युम्न नाही. तेथे हाक हत्तीची आहे आणि प्राप्तीही हत्तीचीच.

असे असले तरी एक उणीव राहतेच. गजेंद्राने स्मरण केले, रेड्याला संतस्पर्श झाला. ज्याला यांपैकी काहीच लाभले नाही, त्या औताच्या बैलाचे काय? पोळ्याला त्याची पूजा होते, ती जिवंतपणी आणि एका दिवसापुरती. भक्तीच्या वाटेने पशूला मिळालेली गती अपवादात्मक पशूंपुरतीच राहिली. दहाव्या लेण्याच्या भिंतीवर मात्र एका साध्या, मत्सरी हत्तिणीलाही पुढचा जन्म स्वतःच्या कर्माने मिळाला आहे. त्याची किंमत ती राणी होऊन मोजते. गतीचा हक्क आणि केल्या कर्माचा जाब हे एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. पशूला पहिला देऊ पाहणाऱ्या वाङ्मयाने दुसरा कितपत दिला, या कसोटीवर मराठी संतचरित्रांतील पशुकथा पुन्हा तपासून पाहणे आवश्यक आहे.