घरातला धडा आणि मुलाचा प्रश्न

पुनावळ्याच्या शेतांवर आता उंच इमारती आहेत. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतली पगारदार माणसे त्यांत राहतात. अशाच एका घरी परवा जाणे झाले. तिथला दहा वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही. आईवडील त्याला घरीच शिकवतात. गणित परदेशी पुस्तकमालेतून, विज्ञान स्वयंपाकघरातल्या प्रयोगांतून, इतिहास मुलाला रुचेल त्या क्रमाने. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते, याची चौकशी त्यांनी करून ठेवली आहे. घोकंपट्टी नाही, छडी नाही. हे चांगलेच आहे.

कपाटात महाभारताच्या सचित्र गोष्टी होत्या, फुले-आंबेडकर नव्हते. विचारले तेव्हा आई प्रामाणिकपणे म्हणाली, “जात आम्ही शिकवतच नाही. लहान वयात ती मनात कशाला घालायची?”

खाली, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोलीपाशी, त्याच वयाची एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसली होती. तीही शाळेत नव्हती. वरच्या मुलाला ‘गृहशिक्षित’ म्हणतात, हिला ‘शाळाबाह्य’. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्याच मुलांसाठी आहे. पण एका घरात धडा निवडता येतो. दुसऱ्या घरात निवडायला धडाच नाही. जात न शिकवण्याची चैन कोणाला परवडते, हे या दोन मजल्यांमधल्या अंतरावरून कळते.

तरीही घरचे शिक्षण म्हणजे सुखवस्तूंचा छंद, एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. ज्या शाळेने साताऱ्यात भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर बसवले, त्या शाळेवर आंधळा विश्वास आपण तरी का ठेवावा? घरचा धडा आपल्याही इतिहासात आहे, आणि त्याची चिकित्सा खुद्द बाबासाहेबांनीच केली आहे.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली. ग्रंथ १९५७ साली निघाला, तेव्हा ती त्यात छापली गेली नाही. तीत ते सांगतात की सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले, ते वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले: ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी आहे, ते ग्रंथ आम्ही का वाचावेत? वडिलांना प्रश्न आवडला नाही. त्यांनी मुलाला गप्प केले. मुलाने पुन्हा विचारले. तेव्हा वडिलांनी कारण दिले: आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड येईल, द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्याकडे पाहून तो जाईल. मुलाचे समाधान झाले नाही.

या प्रसंगाकडे आपण केवळ आठवण म्हणून पाहतो, ही आपली चूक आहे. अभ्यासक्रम कसा पारखावा, याचे हे प्रात्यक्षिक आहे. रामजींची निवड बेफिकीर नव्हती. तिच्यामागे लेकरांच्या स्वाभिमानाची काळजी होती. तरी ती अपुरी पडली. कारण बाप कितीही जाणता असला तरी तो त्याच्या हाताशी असलेल्या पुस्तकांतूनच निवडतो. दुसरे पुस्तक घराबाहेरच्या माणसाकडून आले, आणि मग प्रश्न जन्मला.

म्हणून कसोटी दुहेरी आहे. बाहेरचे पुस्तक घरात येते काय? आणि ‘हाच धडा का?’ हे मूल विचारू शकते काय? पुनावळ्याच्या त्या घरात दुसरा प्रश्न चालेल. पण पहिली वाट बंद असल्याने तो सुचणारच नाही. आपल्या वस्त्यांत पुस्तक येते. पण कित्येकदा बाबासाहेबांचेच नाव घेऊन आपण मुलाचा प्रश्न मिटवतो. दोन्हीकडे मूल अर्धेच शिकते.

सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले. तो धडा घरात राहिला नाही. १८४८ साली भिडे वाड्यात त्याची शाळा झाली. पत्र्याच्या खोलीतली ती मुलगी ज्या धड्यापर्यंत पोचू शकत नाही, तो धडा कितीही निवडक असो, त्याला शिक्षण कसे म्हणावे?