‘कोर्ट’ : न्यायदालन आणि अनुपस्थित वकील

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्याच्या केंद्रस्थानी आहे. आरोपाचा विक्षिप्तपणा आणि प्रक्रियेची मंदगती प्रेक्षकाच्या सहज लक्षात येते. न्यायदान करणारी माणसे कोणत्या समाजस्तरातून येतात, हा प्रश्न मात्र तितका उघड नाही. वस्तुतः चित्रपटाची रचना त्यावरच उभी आहे.

कॅमेरा बचावपक्षाचे वकील विनय वोरा यांच्याबरोबर उंची दुकानात खरेदीला जातो, सरकारी वकील नूतन यांच्याबरोबर लोकलने परततो आणि त्यांच्या स्वयंपाकघरात थांबतो, न्यायाधीश सदावर्ते यांच्या सुटीच्या सहलीतही सामील होतो. वोरा तळमळीने झटतात, तरी मृत कामगाराच्या वस्तीत ते पाहुणेच ठरतात. त्या वस्तीतून आलेल्या वकिलाला मात्र पटकथेत स्थान नाही. ही अनुपस्थिती चित्रपटातील सर्वांत तीक्ष्ण टीका आहे, तशीच त्याची मर्यादाही. १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या मुंबईत वकिली सुरू केली, त्याच शहरात दलित पक्षकार केवळ इतरांच्या सहानुभूतीवर विसंबलेला दिसावा, हे खटकते.

वास्तव या चित्रणापासून फार दूर नाही, हेही मान्य करावे लागेल. २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१८ पासून नियुक्त झालेल्या उच्च न्यायालयांच्या ६०४ न्यायाधीशांपैकी ४५८ खुल्या प्रवर्गातील, १८ अनुसूचित जातींचे आणि अवघे ९ अनुसूचित जमातींचे होते. या नियुक्त्यांना आरक्षण नाही. शिवाय वकिलीची सुरुवातीची वर्षे तुटपुंज्या मोबदल्यावर ज्येष्ठांच्या हाताखाली काढावी लागतात. घरून आधार नसलेला तरुण तेथेच गळतो. अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे ते केवळ दुसरे दलित सरन्यायाधीश होते.

चित्रपटातील भाषेचा धागा वऱ्हाडात अधिक गुंतागुंतीचा होतो. मराठीवर प्रभुत्व नसलेले वोरा हिंदी वा इंग्रजीची विनंती करू शकतात. अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून हलविलेल्या गावांत कोरकू कुटुंबे राहतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. कांबळे यांची जी मायबोली, तीच न्यायालयीन मराठी कोरकू पक्षकाराला परकी. वोरांसारखी विनंती करण्याइतका आत्मविश्वास त्याच्यापाशी कोठून यावा? त्याचे म्हणणे दुसऱ्याच्या शब्दांतून न्यायासनापर्यंत जाते, आणि ते शब्द पारखून घेणारा कोरकूभाषक वकील त्याच्या बाजूस उभा असेलच, याची शाश्वती नाही.